वारा खाणारे मासे

तळ्याकाठच्या फलकावर ‘माशांची खुशाली ९८ टक्के’ असं झळकलं आणि पाणीयोजनेच्या डॉ. धारपांनी गावच्या नळांना पाणी सोडायला सांगितलं. पाणी तपासायला आता माणूस लागत नसे. पाण्यातले कॅमेरे माशांच्या हालचाली वाचून निकाल देत.

यमुनाक्का भोई जाळं खांद्यावर टाकून काठाशी उभी होती. तिच्या समोर शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडमिट करत होते.

“पाणी सोडू नका साहेब. मासे वारा खातायत.”

“यंत्र तेच सांगतंय,” धारप म्हणाले. “माशांची भाषा आम्ही त्याला तुमच्याच लोकांकडून शिकवलीय. वारा खाणं, म्हणजे विरंगुळा.”

अक्काच्या आता ध्यानात आलं. हा माणूस संध्याकाळी गच्चीवर वारा खातो, म्हणून मासाही तसाच खात असेल, असं त्याला वाटलं होतं. शब्द भोयांकडून घेतला, पण त्याचा अर्थ विचारायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नव्हती.

“पाण्यात जीव गुदमरला की मासा वर येतो. त्याला आम्ही वारा खाणं म्हणतो.”

“मावशी, अनुभव वेगळा आणि विज्ञान वेगळं.”

तेवढ्यात एक रोहू पोट वर करून तरंगला. मग दहा, मग सगळेच. फलक क्षणभर अडखळला आणि त्यावर उमटलं, ‘विश्रांती. खुशाली १०० टक्के.’

धारपांनी फलकाचा फोटो काढला.

अक्कानं फलकाखालच्या त्यांच्या टेबलावरचा पेला उचलला, तळ्यात बुडवून काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

“घ्या साहेब. तुम्हीही जरा विश्रांती घ्या.”