रीतसर

साहेबांनी बंद पडलेला संगणक दुरुस्तीवालीच्या टेबलावर ठेवला. तिच्या तोंडाकडे पाहण्याची तसदीही घेतली नाही.

"बाई, सिस्टीम नव्याने टाका. पण रीतसर हं, चोरीची नको. मूळ डिस्क आमच्या टायपिस्टनं लांबवली. चारचौघांत पर्स उपडी करायला लावली, तरी बया कबूल होईना. मग दिली हाकलून."

"डिस्कवाचून काही अडत नाही. मागच्या स्टिकरवर नंबर आहे ना, तो खरा असला की कंपनीच्या साइटवरून सिस्टीम उतरवता येते."

"अस्सं? मग बरंय," म्हणत साहेबांनी फोनमध्ये डोकं खुपसलं.

डिस्कचा ट्रे अडकला होता. तिनं यू-पिन सरळ करून बारक्या भोकात दाबली. ट्रे बाहेर आला आणि तिचा हात थबकला. मग दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे तिनं यंत्रात मिळालेल्या वस्तूंची यादी लिहून पुढे सरकवली. साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचताच सही ठोकली.

"आता वाचा."

"'ट्रेमध्ये मूळ डिस्क, एक.' अरेच्चा! माझ्याच मशीनमध्ये? जाऊ दे, मिळाली ना!"

तिनं आपली पर्स टेबलावर उपडी केली. चार वर्षं जपलेलं, घडीवर फाटत आलेलं पत्र बाहेर पडलं. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"चोर म्हणून काढलंत, त्या पत्रावरही तुमचीच सही आहे. दोन्ही कागद उद्या वकिलाकडे जातील, साहेब. तुम्हाला सगळं रीतसरच हवंय ना?"