मीटरपुढची परीक्षा

“तुझा कॉम्प्युटर दिवसभर नुसती वीज खातो,” असं सासऱ्यांनी तिसऱ्यांदा ऐकवलं, तेव्हा हेमांगीने घरातलं झाडून सगळं बंद केलं आणि त्यांना जिन्यातल्या मीटरपुढे उभं केलं.

“लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो, मोजा बाबा.”

आधी कॉम्प्युटर लावला. दोनदा. मग बाबांच्या खोलीतला त्यांचा लाडका, शंभरचा पिवळा बल्ब. पाचदा! बाबांनी पुन्हा मोजलं. पाचच. ते आत गेले. हेमांगीला जरा वाईटच वाटलं.

संध्याकाळी ती कामाला बसली, तोच बाबा आपला बल्ब विझवून पेपर घेऊन आले. येताना तिच्या डोक्यावरची ट्यूबही घालवली आणि स्क्रीनलगत खुर्ची ओढली.

“सूनबाई, एखादं पांढरं पान लाव. अग्रलेख फार बारीक छापलाय.”