नवा फिल्टर

कोहमाऱ्याच्या अलीकडे गाडीने पुन्हा झटके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला बंद पडली.

"आता काऊन बंद पडली?" डिंपल रडकुंडीला आली होती.

"थांब जरा. होते चालू," चंद्रकुमार म्हणाला.

गोंदियातून अर्जुनीपलीकडे डिंपलच्या माहेरी निघाल्यापासून हेच चाललं होतं. काही अंतर गाडी नीट धावायची, मग तिची ओढ जायची आणि चालता चालता ती बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. सकाळी डिंपलच्या धाकट्या भावाचा, हेमराजचा फोन आला होता. "बाबा सिरीयस हायेत. लवकर या."

फोन चंद्रकुमारने घेतला होता आणि तो तेव्हाच काय ते समजला होता. आपल्याकडे लेकीला बाप गेला असं फोनवर कोण सांगतं? रस्ताभर ऊर बडवून घेईल बिचारी. सिरीयस आहे म्हणायचं. दारात पोचली की तिचं तिला कळतं. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा त्याने बहिणीला असंच आणलं होतं.

निघण्याआधी त्याने सासऱ्याच्या अंगावर घालायला कोरं पांढरं कापड घेतलं आणि डिक्कीत स्टेपनीखाली दडवलं. जावयाने ते रिवाजाप्रमाणे न्यायला हवं. डिंपलचा मोबाईलही त्याने स्वतःच्या खिशात टाकला. एखादी मावशी बोलून बसायची.

गाडी कशीबशी नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत आली. तिथल्या मिस्त्रीने, बकारामने, सगळं ऐकून घेतलं, गाडीखाली शिरून फिल्टर काढला आणि तळहातावर उलटा केला. तांबूस, गढूळ पेट्रोल ओघळलं.

"टाकीत कचरा हाये. इंजिनले पेट्रोलच नाही भेटून राहिलं," तो म्हणाला. "फुंकून देतो, अर्जुनीपावतर आरामात जासाल. पक्कं करायचं तं टाकी उतरवून धुवा लागते, फिल्टर साकोलीवरून आणा लागते. दुपार जाईल."

"फुंकून द्या भाऊ!" डिंपलने हात जोडले. "माहा बाप वाट पाहून राहिला."

चंद्रकुमारने बकारामला बाजूला घेतलं. "पक्कंच करा. घाई नाही." मग आवाज खाली आणला. "गेले ते सकाळीच. तिले नाही सांगतलं."

बकारामने मान हलवली. असल्या गोष्टी त्याला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. तो डिंपलकडे वळून मोठ्याने म्हणाला, "फुंकून नाही जमत बाई. जंगलात बंद पडली तं कोण पाहील?"

चंद्रकुमारला त्याचे आभार मानावेसे वाटले. उद्या पाहुण्यांना आणायला, सोडायला हीच गाडी लागणार. आणि मातीला कोणी घाई करणार नव्हतं. लेकीने तोंड पाहिल्याशिवाय सासऱ्याला अंगणातून कोण हलवतो?

तेवढ्यात अर्जुनीची एसटी नाक्यावर थांबली. डिंपल पदर सावरत धावत सुटली.

"मी जातो यानं! तुमी मांगून या!"

चंद्रकुमारने तिचा हात धरला. बसमध्ये गावचं कोणी भेटलं, काही बोललं तर ही एकटी काय करणार? "अवं, होऊनच राहिली गाडी. बसच्या आंधी पोचू."

कंडक्टरने घंटी मारली. एसटी निघून गेली. डिंपल तिथेच मातीत बसली आणि हमसून हमसून रडू लागली. रडेल आत्ता. पण तिथे पोचल्यावर तीच म्हणेल, बरं झालं तुम्ही सोबत होते.

त्याने समोरच्या टपरीवरून पोहे आणले. त्या घरात आज चूल पेटणार नव्हती. हिच्या पोटात दोन घास तरी असावेत.

"मले बाबाले पानी पाजायचं हाये, माह्या हातानं," डिंपल ओरडली. "आन् मी पोहे खात बसू? इतला शब्द देल्ला होता मी त्याले!"

तिने बशी भिरकावली. चंद्रकुमार गुपचूप पोहे गोळा करू लागला.

खिशातला फोन वाजला. हेमराज होता. चंद्रकुमार मोहाच्या झाडाआड गेला.

"कुठी हाव भाऊजी? बाबा ताईचंच नाव घेऊन राहिले."

चंद्रकुमारला मेव्हण्याचं कौतुक वाटलं. बाप अंगणात निजवलेला, आणि पोरगा किती निगुतीने बोलतो आहे! मागे बायकांची रडारडसुद्धा ऐकू येऊ दिली नव्हती त्याने.

"येतोच. तिले सांभाळून आणतो. तू मन घट्ट ठेव," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हेमराज पुढे काही सांगत होता, पण डिंपल इकडेच येत होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा बकारामने किल्ली फिरवली. नव्या फिल्टरवर गाडी अशी चालली की नवेगावबांध गेलं, अर्जुनी गेलं, इटियाडोहच्या कालव्याकाठचा कच्चा रस्ता आला, पण एकदाही बंद पडली नाही. डिंपल पुढच्या काचेला जवळजवळ चिकटून बसली होती. "चाला ना, चाला ना," एवढंच म्हणत होती.

दारापुढे गाडी थांबते न थांबते तोच घरातून बायकांचा आकांत उठला. डिंपल अनवाणीच आत धावली.

अंगणात चार माणसं उभी होती. बांबू नाही, दोर नाही, गोवऱ्या नाहीत. तिरडीची काही तयारीच नव्हती. दिवसभर करत काय होते हे लोक? चंद्रकुमारला गावाचा रागच आला. त्याने डिक्की उघडली, स्टेपनीखालचं कापड काढलं, झटकलं आणि दोन्ही हातांवर घेऊन तो ओसरीकडे निघाला.

दारातून हेमराज बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याचा पेला आणि चमचा होता.

"आताच गेला बाबा," तो म्हणाला. "तुमची गाडी वाजली, त्यानं मान उचलली, आन्..."

मग त्याची नजर कापडावर गेली.

"हे कवा घेतलं भाऊजी?" त्याने विचारलं. "मी तं सिरीयस हायेत म्हनलो होतो."