गळालेले ठिपके

"यांना आता श्वासही पुरत नाही हो, डॉक्टर. द्यायचं का हे औषध?" सुलभाताईंनी विचारलं.

"शोधनिबंध म्हणतो, निरुपयोगी. पण निम्मे रुग्ण चाचणीतून मध्येच गळाले आणि तेही अपयशातच धरलेत." डॉ. केतकीने आलेखावर गळालेल्यांसाठी मांडलेल्या एका करड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हल्ली ठिपक्याला बोट लावलं, की त्यामागचा माणूस बोलायचा.

"तपासणीला परत का आला नाहीत?"

"बरा झालो की! मग दवाखान्यात कशाला येऊ, बाई?"

दुसऱ्या ठिपक्यातून हसू आलं, तिसऱ्यातून गाणं. काही ठिपके गप्पच राहिले. त्यांच्यावरही तिने बोट ठेवून वाट पाहिली. हळूहळू बाकीचा आलेख माणसांच्या आवाजांनी भरून गेला. केतकी सुलभाताईंकडे वळली.

"गळालेल्यांत बरे झालेलेच जास्त आहेत. आजच सुरू करू."

"मग यांचाही ठिपका मांडा," सुलभाताई म्हणाल्या. "बरे झाले, की हाताला धरून आणते सांगायला."