कडेची खडी

“मधे नको. कडेला खणा,” तपासनीस म्हणाले.

मजुरानं पहार उचलली आणि ओव्हरसियरबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. साहेब म्हणतात ना, मग खण. दवाखान्याच्या रस्त्यावर एव्हाना बरीच गर्दी जमली होती. शिंपी मशीन सोडून आला होता, न्हावी तर अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला टॉवेलसकट घेऊन आला होता. फुकटचा तमाशा कोण सोडतो!

तमाशाही तसाच होता. रस्ता सरकारी अनुदानातला, बांधणारा कंत्राटदार बाईंचा सख्खा धाकटा भाऊ, आणि मोजमाप घेऊन बिल पास करणाऱ्या खुद्द बाई. कुणीतरी निनावी अर्ज ठोकून दिला होता की बहीणभावानं मिळून अनुदान खाल्लं. खरं तर काम सुरू व्हायच्या आधीच बाईंनी पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं होतं, कंत्राटदार माझा भाऊ आहे, मोजायला दुसरा माणूस द्या. पण एवढ्याशा पालिकेत दुसरा ओव्हरसियर आणायचा कुठून? तुम्हीच मोजा, असा शेरा मारून ते मोकळे झाले होते.

“पत्र काय, कुणीही लिहून ठेवतं, बाई,” तपासनीस सकाळीच म्हणाले होते. “आपण रस्ताच बघू.”

खडी कमी निघाली तर बाईंची नोकरी जाणार होती. नोकरीचं एक वेळ चाललं असतं. पण आजवर या गावातले कंत्राटदार त्यांच्या नावानं चळाचळा कापत आले, त्याच गावात मान खाली घालून भाजी आणायला जायचं? चेहऱ्यावर मात्र सुरकुती हलू देतील तर शपथ.

भाऊ पलीकडे हाताची घडी घालून उभा होता. रस्ता झाल्यापासून तो बहिणीशी बोलत नव्हता. ती समोरून येताना दिसली की सरळ वाट बदलायचा. लोक म्हणायचे, वरवरचं नाटक आहे सगळं, आतून दोघं एकच.

तपासनीस या धंद्यात मुरलेले होते. मधे सगळेच नीट भरतात, चोरी होते ती गटाराच्या बाजूला, हे त्यांना पक्कं ठाऊक. खड्डा झाल्यावर ते स्वतः गुडघे टेकून वाकले आणि खडीच्या थराला पट्टी लावली. पुन्हा लावली. मग चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा लावली.

“बोटभर फरक आहे,” ते म्हणाले.

गर्दीत कुजबुज झाली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“जास्त आहे,” तपासनीस चक्रावून गेले होते. “अहो कंत्राटदार, ठरल्यापेक्षा खडी जास्त टाकलीत तुम्ही! या जास्तीचे पैसे तर कुणी दिलेले नाहीत. मग टाकलीत कशाला?”

“कशाला?” भाऊ उसळलाच. “हिला विचारा ना कशाला! सगळ्यात कमी दर मी भरला, माहीत आहे का? म्हटलं, बहीणच मोजायला येणार, घेईल सांभाळून. अक्कल गहाण पडली होती माझी! कडेला जराशी कमी निघाली, तर हिनं अख्खा पट्टा उखडायला लावला. भर बाजारात! माझेच मजूर मला हसत होते. खडीसाठी बायकोच्या बांगड्या मोडल्या मी. दुसऱ्यांदा उखडायची वेळ नको, म्हणून देवाचं नाव घेऊन टाकत सुटलो. आणि हिनं माझ्यासाठी अनुदान खाल्लं म्हणे! कोण म्हणतो? समोर या ना!”

समोर कोण येतो? शिंप्याला एकदम मशीनची आठवण झाली.

तपासनीस उठले, गुडघे झटकले. इतक्या गावांत खड्डे खणले, पण जास्तीची खडी त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. “तक्रारीत तथ्य नाही, असं लिहितो, बाईसाहेब,” ते बाईंना म्हणाले, आणि या वेळी ‘बाई’ न म्हणता ‘बाईसाहेब’ म्हणाले. मग खड्ड्याकडे पाहून त्यांनी डोकं खाजवलं. “आता हा बुजवायचा खर्च कशात घालायचा, ते तेवढं बघावं लागेल.”

“कशातच घालू नका,” भाऊ म्हणाला. मजुराच्या हातातलं फावडं त्यानं ओढूनच घेतलं. “हिच्यावर संशय घेऊन खणलाय ना? मग मीच बुजवणार.”

त्यानं खडी ओढली, वरून पाणी मारलं, आणि धुम्मस घेऊन असा ठोकत सुटला की बघणाऱ्यांनी दोन पावलं मागं घेतली. वर्षाचा राग होता तो, सगळा तिथंच निघाला. शेवटी घामानं निथळत उभा राहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं बहिणीकडे सरळ पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता बाईंच्या डोळ्यांना पाणी येणार. न्हाव्याच्या गिऱ्हाइकानं तर टॉवेल डोळ्यांना लावलासुद्धा.

बाई पुढं आल्या. भावासमोर खाली बसल्या आणि बुजवलेल्या खड्ड्याच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. दोन खडे सुटून हातात आले.

“कोपरा ठोकला नाहीस,” त्या म्हणाल्या. “काढ सगळं.”

भाऊ तपासनिसांकडे वळला, छाती अशी फुगलेली की शर्टाच्या गुंड्यांना ताण.

“बघितलंत, साहेब?” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. “माझी ताई आहे ही!”

आणि फावडं घेऊन पुन्हा उकरायला लागला.