बुवांचा आशीर्वाद

सोमवारच्या, पाळणा लांबवायला तांबी बसवायच्या शिबिराला कोपर गावातून एकही नाव येईना, म्हणून गावची आशा सेविका सगुणा हिने कीर्तनकार बुवांना गळ घातली. बुवांनीही गांधारीचं आख्यान रंगात आणलं. "शंभर पोरं, पण एकाला धड वळण नाही! बायांनो, पाळणा हलवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा!" बायका पोट धरधरून हसल्या, पण नाव द्यायला एकही पुढे येईना.

आरतीनंतर दोन पोरांतच दमलेली संचिता बुवांच्या पाया पडली. चाळीस वर्षांच्या सवयीने बुवा बोलून गेले, "पुत्रवती भव!"

सगुणाने कपाळावर हात मारला.

तोच संचिता धावत तिच्याकडे आली. "ताई, बुवांचा आशीर्वाद आजवर फुकट गेलेला नाही. सोमवार कशाला, उद्याच बसवा!"