न वाजणारी गोळी

दुसरी गोळी गोठलेल्या तळ्यावर चाबकासारखी कडाडली आणि आर्वोच्या छातीवरचं ओझं जरा हललं. लगेच फोन वाजला. पलीकडच्या काठावर, आपल्या अंगणात, टुओवी कान लावून उभी होती. ती गावच्या शिकार मंडळाची अध्यक्ष.

"आली ऐकू. बहिऱ्यालाही येईल."

"आणखी दोन आहेत," आर्वो म्हणाला. "उद्या कोणी म्हणायला नको, दोनच झाडल्या."

"झाडा. पण जरा हात चालवा. माझ्या पायाची बोटं गेली कामातून."

टुओवीच्या त्याच अंगणासमोर, बर्फावर, ख्रिसमसनंतर एक लांडगा मरून पडला होता. विनापरवाना मारलेला. अंगात शिशाची गोळी निघाली, घरी ओतलेली. गावात गोळ्या ओतणारा एकटा आर्वो. ऑगस्टमध्ये त्याने मुद्दाम हळू जाणारी काडतुसं भरली होती. आवाजाच्या वेगाच्या जेमतेम खाली राहणारी. रायफलला सायलेन्सर लावला की नुसतं धप्प. संध्याकाळी पाण्याकाठी बीव्हर टिपायला बरी. एक मेला तरी दुसरा दचकत नाही. लांडगा मेला त्या सकाळी टुओवी अंगणातला बर्फ ओढत होती आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग बोट दाखवायला गावाला वेळ लागला नाही.

आत्ता शेजारी रायफल धरून उभ्या असलेल्या त्याच्या मित्राकडे, रेइनोकडेही, त्यातली काही होती. पण ती सप्टेंबरातच संपली, असं त्याने सांगितलं. सभेत कोणीतरी शंका काढली तेव्हा आर्वोच उठून उभा राहिला होता. "रेइनोकडे एकही शिल्लक नाही. मी सांगतो ना." लोकांनी ऐकलं. राहिला कोण, तर आर्वो.

पोलिसांनी त्याच्या बंदुका नेल्या, काडतुसांचा डबा नेला. उद्या मंडळ यादीतून त्याचं नाव काढून टाकणार होतं. नाव गेलं की मूसच्या शिकारीला बोलावणं नाही, मांसाच्या वाट्यांत वाटा नाही, आणि कोणाच्या दारात कॉफी नाही. पोलिसांचं त्याला एवढं वाटत नव्हतं.

चाचणीची युक्ती रेइनोची. "कडाक्याच्या थंडीत आवाजच हळू चालतो," तो म्हणाला होता. "तुझी गोळी त्याच्या पुढे जाईल आणि कडाडेल. टुओवीने त्या दिवशी ऐकलं नाही, म्हणजे गोळी तुझी नव्हे. संपला विषय." कोटाच्या आतल्या खिशात आर्वोला चार काडतुसं सापडली. सायलेन्सर लावलेली रायफल रेइनोची आणि नेमही त्याचाच. थंडी लांडगा मेला त्या दिवसाइतकीच होती.

आर्वोने उरलेली दोन काडतुसं खिशातून काढून रेइनोच्या हातावर ठेवली आणि तो थर्मासकडे वळला.

"साखर घाल हां," रेइनो म्हणाला. "मागच्या वेळी गटाराचं पाणी पाजलंस."

"तुझ्या बायकोच्या कॉफीपेक्षा बरं."

"तिच्यासमोर म्हण हे."

दोघं हसले. कॉफी पिता पिता रेइनोने ती दोन काडतुसं बर्फावरून ओढत आणलेल्या स्लेजच्या गार लोखंडी पट्टीवर मांडली, शेजारी शेजारी. गावात कोण आजारी आहे, कोणाची गाडी सुरू होत नाही, असं काहीबाही बोलत तो सावकाश प्यायला. मग एक काडतूस उचलून रायफलीत घातलं, नेम धरला आणि चाप ओढला.

धप्प.

समोर निशाण म्हणून रचलेल्या लाकडांच्या ढिगात गोळी रुतल्याचं तेवढं ऐकू आलं. तळं गप्प होतं.

आर्वोने रायफलीकडे पाहिलं, मग लोखंडी पट्टीकडे. काडतुसातली दारू गारठली की सुस्त जळते आणि गोळी हळू जाते, हे त्याला कळायला वेळ लागला नाही.

"पट्टीवर का ठेवलीस?"

"गरम असली की वाजतात ना. सवय झाली..."

पुढचं रेइनोने गिळलं.

"सप्टेंबरात कुठली थंडी होती, रेइनो?"

रेइनोने पेला बर्फात रोवला.

"माझ्या कुत्रीला, तुइस्कूला फाडलं त्या लांडग्याने. दोरीला बांधलेली होती बिचारी. मी दारात उभा, हातात काही नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तुला? तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. तुला खोटं बोलता येत नाही. तू म्हणालास, याच्याकडे शिल्लक नाही, म्हणून तर माझ्या घरात कोणी शिरलं नाही."

आर्वोला ती सभा आठवली. सभेत आपण उठलो तेव्हा हा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. बाहेर आल्यावर याने आपली पाठ थोपटली होती.

"आणि उद्या माझं नाव काढलं असतं तर?"

"म्हणूनच तर ही चाचणी काढली. तुला बुडू देईन का मी?" रेइनोने शेवटचं काडतूस पट्टीवरून उचललं, हातमोजा काढला आणि ते काखेत धरलं. "हे गरम करतो. हे कडाडेल. ती म्हणेल, तिन्ही ऐकू आल्या. दोघंही सुटतो. मधली एक ओली निघाली म्हणू, कोणाला मोजायची आहे?"

फोन वाजला. रेइनो त्याच्या तोंडाकडे बघत होता. काखेतला हात त्याने आणखी घट्ट दाबला आणि 'हो म्हण' अशी नुसती मान डोलावली.

आर्वोने फोन कानाला लावला.

"झोपलात की काय दोघं?" टुओवी म्हणाली. "तिसरी कधी झाडताय?"

"झाडून झाली, टुओवी," आर्वो म्हणाला. "तू इकडे ये."